पहिल्या हाकेला

१

समिधाला वाटलं होतं, दारातून आत पाऊल टाकलं की आधी गोंगाट भेटेल.

स्कॉटलंडमधल्या त्या ओल्या, करड्या गावात शिकताना तिने घर आठवलं ते आवाजांतूनच. कुकरची शिट्टी, शेजारच्या हंसाबेनच्या टीव्हीवरची मालिका, आणि या सगळ्यावरून वाट काढत जाणाऱ्या आईच्या हाका. सुयोग. सुयोग. अरे सुयोग. नेहमी तीन, त्याहून कमी कधीच नाही.

त्यांच्या घरची रीतच होती ती. आई, म्हणजे सुचेता, मूळची संगमेश्वरकडची. तिकडे दिवेलागण झाली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी ऐकू आली तरच तोंड उघडायचं. शांती नगरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, खाली रिक्षांची रांग आणि समोर मोबाइलची दुकानं असताना या रीतीचं काही काम नव्हतं. पण ती आईबरोबर ट्रंकेतून आली होती, आणि समिधा-सुयोगने तिचा फायदा घेऊन ती भर दुपारीही लागू करून टाकली होती. आई आंघोळीसाठी बोलवायची, दोघं पलंगाखाली तोंड दाबून तिसरीची वाट बघायची. बाबा वैतागायचे. म्हणायचे, या घरात आग लागली तरी तीनदा सांगावं लागेल.

असं का, म्हणून समिधाने लहानपणी एकदा विचारलं होतं. आई घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवायचं काम करायची. सुईवरची नजर न काढता तिने उत्तर दिलं होतं.

"ज्याला खरंच तू हवी असशील, तो तिसऱ्यांदा हाक मारील. बाकीच्यांना कंटाळा येतो."

बाकीचे म्हणजे कोण, ते तिने कधी सांगितलं नाही.

आता समिधा परतली तेव्हा घराला फिकट पिस्ता रंग लागला होता, दाराशी नवं पायपुसणं होतं, आणि आत सामसूम होती. आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिचे गाल कुस्करले, तिकडे जेवायला घालत नव्हते का म्हणून विचारलं. मग बंद बेडरूमच्या दिशेने मान वळवून म्हणाली, "सुयोग, ताई आली बघ."

"ओ," आतून आवाज आला. आईचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

समिधाला हसू आलं. हा कधीपासून एवढा शहाणा झाला, असं तिने विचारलं. आईचा चेहरा फुलला. अभ्यासाला बसल्यापासून, म्हणाली. एका हाकेत ओ देतो. मला घसा फोडावा लागत नाही हो आता.

"अरे बाहेर ये की, गाढवा," समिधा दाराजवळ जाऊन म्हणाली.

"आलोच."

आवाज सुयोगचाच होता. थोडा घोगरा, शेवटी किंचित वर जाणारा. पण तो आला दिवे लागल्यावर, समिधा आंघोळ करून बाहेर पडली तेव्हा. त्याने तिला मिठी मारली. त्याच्या केसांना मिठाचा वास येत होता.

२

घर एवढंसं. हॉल, स्वयंपाकघर आणि एक बेडरूम, तिचं दार मुख्य दाराला खेटून. बेडरूम आता सुयोगची. आई-बाबा हॉलमध्ये झोपत, समिधाचीही गादी तिथेच पडली. सुयोग इंजिनियर झाला होता आणि बँकेच्या परीक्षा देत होता, तेव्हा त्याला त्रास द्यायचा नाही, एवढाच घरातला नियम. टीव्हीचा आवाज बारीक. फोन गॅलरीत जाऊन. शशिकांत, म्हणजे बाबा, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशखात्यात होते. दिवसभर मशिनच्या कर्कश्श आवाजात उभा राहणारा तो माणूस घरी आल्यावर चपलाही अलगद काढायचा.

दोन्ही पोरांच्या यशाचे पेढे आईने एकाच दिवशी वाटले होते. सुयोगचा निकाल आणि समिधाचं शिक्षण पूर्ण झाल्याची बातमी मागेपुढेच आली. अख्ख्या इमारतीत एकाच डब्यातून.

समिधाच्या घशात तो पेढा अजून अडकलेला होता. तिचं शिक्षण पूर्ण झालेलं नव्हतं. खाड्यांवरचा तिचा प्रबंध नापास झाला होता. पुन्हा लिहून दे, असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, आणि ती रोज वाचनालयात जाऊन लॅपटॉपच्या कोऱ्या पडद्यासमोर बसून परत येत राहिली. शेवटी तिने सामान बांधलं. घरी कळवलं, झालं सगळं, आता मी आपल्याच खाडीसाठी काम करणार. आपली मिठागरं, आपली तिवरं, आपली माणसं. यातला शब्दन् शब्द ती मनापासून बोलली होती. फक्त पहिला शब्द खोटा होता, आणि उरलेले सगळे त्याच्यावर उभे होते.

सकाळी ती सुयोगसाठी चहा घेऊन गेली. एकदाच हाक मारली.

"ओ."

"चहा ठेवलाय रे."

"घेतो."

आत खुर्ची सरकली. पान उलटलं. पंख्याची लयीत कुरकुर. कुणी मन लावून अभ्यास करत असेल तर जसे आवाज येतील, अगदी तसे. दुपारी चहा तिथेच होता, वर जाड साय धरलेली. आई म्हणाली, तो असाच, भान नसतं त्याला. आणि कप विसळून टाकला.

हंसाबेन गॅलरीतून वाकून समिधाला म्हणाल्या, "तुम्हारा भाई तो हीरा है, बेटा. मम्मी एक बार बुलाए, तुरंत जवाब. मेरे वाले को तो फोन करना पड़ता है, बाजू के रूम में." समिधा हसली. हसता हसता तिची नजर चपलांच्या रॅककडे गेली.

सुयोगचे काळे सँडल तिथे नव्हते.

नसतील. आत काढले असतील, माणूस काय खोलीत चपला घालत नाही? तिने स्वतःला समजावलं. संध्याकाळी सँडल रॅकवर होते. पट्ट्यांवर ओला, राखाडी चिखल. असा चिखल रस्त्यावर नसतो. तो कुठे असतो हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्याच चिखलावर ती नापास झाली होती.

जेवताना सुयोगने तिला यथेच्छ छळलं. "ताई, तुझं भाषण कधी आहे? खाडी वाचवा, मिठागर वाचवा. मला फक्त ती बांगड्याची तुकडी वाचवायचीय तुझ्यापासून." तो हसत होता. पण हसू ओठांच्या कडेला संपत होतं. आई त्याच्या ताटात भात वाढत होती, दिवस कसा गेला, काय वाचलं, काहीच न विचारता. विचारायचं कशाला? दिवसभर तर घरातच होता.

३

राई गावात समिधा गेली ती कामासाठी, निदान तिने स्वतःला तसंच सांगितलं. भाईंदर पश्चिमेहून बस पकडली. एका बाजूला नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला अजून टिकून राहिलेली भाजीची वावरं. मागे खाडी. तिथल्या द्वारकाबाईंशी बोलायचं होतं. त्यांच्या घरची मिठागरं होती एके काळी. आता थोडी भाजी, थोडी मासळी, आणि एक मुलगा बँकेत.

ऊन टळटळीत होतं. बांधावरून चालताना पुढे तिवरांच्या सावलीत कुणी पाठमोरं बसलेलं दिसलं. निळा टी-शर्ट. मांडीवर जाळ्याचा गुंता, बाजूला कागदात भाजलेल्या शेंगा.

समिधा जागीच थांबली. त्या मानेला ती जन्मापासून ओळखत होती. मानेवर कांजिण्यांचा एक वण आहे, तो खाजवून ठेवल्याबद्दल तिनेच मार खाल्ला होता.

द्वारकाबाई टोपली घेऊन मागून येत होत्या. तिची नजर बघून म्हणाल्या, "तुजा भाऊस हाय का गो यो? रोज येतंय. जाली सोडवून देतंय, मंग बसून ऱ्हातंय. बोलत न्हाय जास्त. पोर गुनी हाय, पन त्याच्या पोटात काय तरी हाय."

रोज येतो.

समिधाने त्याला हाक मारली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने आईला फोन लावला.

"आई, सुयोग बाहेर गेलाय का गं?"

"नाही गो. तो कुठे जायचा? आत आहे." मागे मण्यांच्या डब्याचा खुळखुळाट झाला. "थांब." आणि फोन बाजूला धरून आईने एकदाच हाक मारली. "सुयोग."

"ओ," फोनमधून आलं.

घोगरा आवाज. शेवटी किंचित वर जाणारा.

समिधापासून हाकेच्या अंतरावर सुयोगने शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि चावत राहिला.

"ऐकलंस ना?" आई म्हणाली. "काय निरोप द्यायचाय? दार वाजवू का?"

"नको," समिधा म्हणाली. आपला आवाज एवढा चढलेला तिचा तिलाच ऐकू आला. "आई, दार नको वाजवू. काही नाही. मी येतेच."

आवाज मुद्रित करून ठेवला असेल त्याने. आजकालची पोरं काय करत नाहीत. फोन खोलीत ठेवायचा, कुणी बोललं की त्यातून ओ निघायची. जमण्यासारखं आहे. समिधाने हा विचार घट्ट धरला आणि चार पावलं पुढे गेली. सुयोगचा फोन त्याच्याशेजारी बांधावर उपडा पडलेला होता. आईचा सोडला तर घरात दुसरा फोन नव्हता. आणि चहा ठेवला तेव्हा ते "घेतो" म्हणालं होतं.

४

तिला बघून सुयोग दचकला, मग त्याचे खांदे एकदम सैल झाले. पकडलं गेल्याचं एवढं हायसं वाटलेला माणूस तिने पाहिला नव्हता. त्याने कागद सरकवून तिच्यासाठी जागा केली.

त्याने जे सांगितलं ते त्याने किती वेळा मनात बोलून बघितलं असेल. शेवटच्या वर्षाचे दोन विषय सुटले नव्हते, दोन केटी राहिल्या होत्या. निकालाच्या दिवशी तो जिना चढत असताना आई वरून डबा घेऊनच उतरत होती. समिधाचा फोन येऊन गेला होता, आई नुसती हवेत होती. तिने विचारलं, तुझंही झालं ना रे? आणि तो हो म्हणाला. नंतर सांगू. मग पेढे खाल्लेले लोक जिन्यात पाठ थोपटायला लागले. केटीची पुढची परीक्षा आली तेव्हा तो केंद्राच्या फाटकापर्यंत गेला, आणि तिथून सरळ इकडे आला.

"पहिल्या दिवशी खूप घाबरलेलो," तो म्हणाला. "सकाळीच गुपचूप निघालो, संध्याकाळी परत. ठरवलेलं की आईने विचारलं, कुठे होतास, की सगळं ओकून टाकायचं. आईने पान वाढलं. काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. आता तर मी पण लपूनछपून जात नाही. दार उघडतो नि जातो." त्याने जाळ्याची एक गाठ सोडवली. "ताई, मी घरात असलो काय, नसलो काय, तिथे कुणाला फरकच पडत नाही गं. दिवसभर नसतो मी. कुणी हाकसुद्धा मारत नाही."

समिधाने हातातली शेंग न फोडताच कागदावर ठेवली.

आई हाक मारते, रोज मारते, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग ओ कोण देतं, हेही सांगावं लागलं असतं. तिने त्याचा हात धरला. चिखलाने खरखरीत झालेला, गरम, खरा हात.

"तुझं काय पण, ताई?" त्याने विचारलं. खाडीकडे बघत, सहज. "तिकडे सगळं नीट झालं ना?"

"हो. मस्त झालं."

उत्तर इतक्या पटकन आलं की ते आपण दिलं की आपल्या आत कुणी दिलं, याचा तिला क्षणभर उमज पडेना. सुयोगने मान हलवली. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. आणि तो किंचित दूरही गेला, बसल्या जागी.

"घरी चल," ती म्हणाली. "पण मी सांगते तसं करायचं. तू दाराबाहेर जिन्यात थांबायचं. आईची तिसरी हाक आली की ओ द्यायची. आधी नाही."

"लहानपणीसारखं?"

"अगदी तसंच."

तो पहिल्यांदा डोळ्यांपर्यंत हसला.

५

आई हॉलमध्ये खिडकीशी बसून मोती ओवत होती, बेडरूमच्या दाराकडे पाठ. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं होतं. समिधा मुख्य दार उघडंच ठेवून आत आली आणि आईसमोर उकिडवी बसली.

"आई, सुयोगला हाक मार ना."

"का गं? अभ्यास करतोय."

"मार ना एकदा."

आईने सुईत मोती घेतला. "सुयोग."

"ओ."

बंद दाराआडून. प्रसन्न, आज्ञाधारक. जिन्यातून अगदी बारीक आवाज आला, कुणीतरी एकदम श्वास आत घेतल्यासारखा.

"पुन्हा मार," समिधा म्हणाली.

"अगो, दिली की त्याने ओ."

"म्हणूनच. पुन्हा मार."

आईने तिच्याकडे बघितलं. मुलीच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक, पण तिने सुई खाली ठेवली. "सुयोग," ती हळू म्हणाली.

"ओ."

तोच. नुसता तसाच नव्हे, तोच. तेवढाच घोगरा, तेवढ्याच उंचीवर जाऊन थांबणारा, चहाच्या वेळचा, फोनमधला, पहिल्या दिवशीचा. माणूस दुसऱ्यांदा ओ देतो तेव्हा त्यात थोडा वैताग येतो, थोडं 'काय आहे?' येतं. यात काहीच आलेलं नव्हतं. आईच्या मांडीवरचा डबा कलंडला आणि मोती फरशीवर टपटपत सगळीकडे गेले. एक घरंगळत बेडरूमच्या दाराखालच्या फटीत शिरला. आत गेला. मग त्याचा आवाज मध्येच थांबला, कुणी पाय ठेवल्यासारखा.

आई मागे वळली नाही.

"मी किती दिवसांत तिसरी मारलीच नाही गो," ती पुटपुटली.

"आता मार."

आत खुर्ची सरकली. दाराची कडी न वाजता दार बोटभर उघडलं, आणि समिधाने बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं.

टेबलावरचा दिवा लागलेला होता. पाठ दिसत होती. निळा टी-शर्ट. तोच आत्ता जिन्यात उभ्या असलेल्या पोराच्या अंगावर होता. केस तेल लावून चापून विंचरलेले, आईला आवडतात तसे, सुयोग कधीच विंचरत नाही तसे. मानेवर वण नव्हता. मान थोडी कलती होती, कान दाराकडे, हाकेची वाट बघत असल्यासारखी. मग ती वळू लागली, सावकाश, आणि गालाची कड दिव्यात आली.

आईने हाक मारली. सगळा जीव एकवटून, लहानपणी पलंगाखाली ऐकू यायची तशी. "अरे सुयोग!"

खोलीतून काही आलं नाही.

"ओ, आई," जिन्यातून आलं. फाटलेला, रडवेला, घाबरलेला आवाज.

समिधाने पुन्हा बघितलं तेव्हा टेबलासमोर रिकामी खुर्ची होती. फोमची उशी मधोमध खोल दबलेली होती, आणि हळूहळू, फार हळू, फुगून वर येत होती.

आईने खोलीकडे नजरही टाकली नाही. ती दाराशी गेली, लेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याचे विस्कटलेले केस, राखाडी चिखलाने भरलेले पाय.

"कुठे होतास रे बाबू?" ती म्हणाली.

सुयोग उंबऱ्यातच खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. आईने ऐकता ऐकता त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, तिसऱ्याला हात पाठीवरच राहिला.

बाबा आले तेव्हा त्यांच्या बोटांच्या पेरांत पॉलिशचा काळा मळ होता. त्यांना सुयोगने स्वतः सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले. जेवायला बसले, पिठल्याचा एक घास खाल्ला, आणि म्हणाले, "मग आता काय, पेढे परत मागायचे का सगळ्यांकडून?" आधी कुणाला कळलंच नाही की हे हसण्यासारखं आहे. मग सुयोगच्या नाकातून हसू फुटलं, आणि आई पदर तोंडाला लावून हसत राहिली, डोळे पुसत राहिली. बाबांनी ठरवून टाकलं, परीक्षेच्या दिवशी फाटकापर्यंत मी येणार. रजा काढीन. फाटकाच्या आत तू जा.

खोलीबद्दल आई एवढंच म्हणाली, "चूक माझी. ओ मिळाली की मी थांबायचे." तिने ती खुर्ची गॅलरीत नेऊन उलटी ठेवली आणि सुयोगची गादी हॉलमध्ये सगळ्यांच्या मधोमध घातली. मग समिधाच्या केसांवरून हात फिरवला.

"तुझं बरं आहे गो बाय. तुझी काही काळजीच नाही मला. तुला हाक मारावी लागत नाही."

समिधाने तोंड उघडलं होतं. पण घर इतक्या दिवसांनी हलकं झालं होतं, सुयोग इतका मोकळा हसत होता. आज नको, तिला वाटलं. नंतर सांगू.

६

सकाळी तिला जाग आली ती घावण्यांच्या वासाने. सुयोग शेजारी तोंड उघडं टाकून झोपला होता. मानेवरचा वण स्पष्ट दिसत होता. समिधाने तो बोटाने हलकेच चाचपला. तो झोपेतच वैतागला. तिला इतकं बरं वाटलं की ती तशीच उठली, दात घासले, आणि ओल्या चेहऱ्याने स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

आई तव्याकडे तोंड करून उभी होती. घावण्याच्या कडा सुटत होत्या. तिला मागे कुणी आल्याचं कळलं नाही. तिने कालथा उचलला, आणि मान न वळवता हाक मारली.

"समिधा."

रिकाम्या बेडरूममधून, त्याच क्षणी, आवाज आला.

"ओ."

समिधाचाच आवाज. पण तिच्या आवाजाहून चांगला. त्यात झोप नव्हती, थकवा नव्हता, लाज नव्हती. सगळं नीट झालेल्या मुलीचा आवाज. ज्या मुलीचे पेढे वाटले होते, तिचा.

आई गालात हसली. "बघा, ही पण शहाणी झाली," तव्यालाच म्हणाली. "ये, गरम आहेत तोवर खाऊन घे."

"आलेच," खोली म्हणाली.

समिधा दारात उभी होती. हात लांब केला असता तर आईच्या वेणीला लागला असता. किती सोपं होतं ते. काही करायचं नव्हतं, गप्प राहिलं की झालं. आई कायमची निश्चिंत, आणि ती स्वतः मोकळी, कुठल्याही बांधावर जाऊन बसायला, रोज. तिला कुणी विचारलं नसतं कुठे होतीस.

हॉलच्या पलीकडे, बेडरूममध्ये, काहीतरी सरकलं. खुर्ची तर गॅलरीत होती.

आईने घावण उलटलं. चर्र आवाज झाला, वाफ वर आली. त्या वाफेत आईची पाठ थोडी वाकलेली दिसली, पूर्वी नव्हती तेवढी, आणि समिधाने ठरवलं.

"आई," ती म्हणाली. तिचा खरा आवाज, कोरडा, तुटका, निघता निघेना. "वळू नकोस. मला अजून दोनदा हाक मार. मग गॅस बंद कर. मला तुला काहीतरी सांगायचंय."

कालथा तव्यावर टेकला आणि तसाच राहिला. आईची पाठ ताठ झाली. आवाज खोलीतून आला होता. आणि लेक मागे उभी होती.

ती वळली नाही. तिने एक मोठा श्वास घेतला, आणि दुसरी हाक मारली.